नाशिकचा काळा दगड चंद्राची माती म्हणून चालेल का? रोव्हरच्या चाचणी-हौदाबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलामुलींना चांद्रयान-३ च्या प्रज्ञानच्या धर्तीवर सहा चाकांचा रोव्हर करायचाय, आणि तो चालवून बघायला चंद्राच्या मातीसारखा एक हौद. चंद्रावर बेसाल्ट, आपल्याकडेही बेसाल्ट, मग खडीच्या क्रशरवरून डस्ट (दगड फोडताना पडणारा बारीक चुरा) आणून ओतली की झालं का? झालं असेल तर इस्रोने तमिळनाडूतून दगड का आणला? माल किती लागेल, आणि सहापट कमी गुरुत्वाकर्षणाचं सोंग कसं आणायचं?

चाकं चालवून बघायची असतील तर नाशिकची डस्ट चालेल, आणि नीट तयार केली तर उत्तम चालेल. मातीतली मूलद्रव्यं ओळखणारं उपकरण तपासायचं असेल तर अजिबात चालणार नाही. बहुतेक जण दगडाच्या जातीवर वाद घालत बसतात. चाकाच्या चाचणीचा निकाल ठरतो तो बारीक कणांचं प्रमाण, ओल आणि चाकावर पडणारा भार यांच्यावर. हे तिन्ही चुकले तर खरी चंद्राची माती आणली तरी आकडे चुकीचेच येतील.

आधी दगडाचा मुद्दा उरकू. चंद्रावर जे काळपट डाग दिसतात त्या सपाट ‘मारिया’ बेसाल्टच्या आहेत. उजळ भाग म्हणजे उंचवट्याचे प्रदेश, आणि ते मुख्यतः अॅनॉर्थोसाइट या फिकट खडकाचे. प्रज्ञानला घेऊन जाणारा विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी ६९.३७ अंश दक्षिण अक्षांशावर उतरला, तो भाग उंचवट्याचा. प्रज्ञानवरच्या क्ष-किरण वर्णपटमापकाने सुमारे १०० मीटरच्या वाटेत २३ ठिकाणी मोजमाप केलं, तेव्हा मातीची घडण फेरोअन अॅनॉर्थोसाइट या त्याच खडकाच्या प्रकाराशी जुळली. इस्रोला अशाच मातीची नक्कल हवी होती, म्हणून नामक्कल जिल्ह्यातल्या सित्तमपुंडी आणि कुन्नमलै परिसरातला अॅनॉर्थोसाइट दळला गेला. उंचवट्याच्या मातीत अॅल्युमिनियम ऑक्साइड २५ टक्क्यांच्या वर आणि लोह ऑक्साइड ५ टक्क्यांच्या आसपास असतं. दख्खनच्या बेसाल्टमध्ये अॅल्युमिना साधारण १३ ते १५ टक्के आणि लोह त्याच्या आसपास. म्हणजे पांडवलेणीच्या डोंगरासारखा दगड दळून त्यावर लेझरचा वर्णपटमापक रोखलात, तर मशीन बरोबर वाचेल, पण तो दगड चंद्राच्या त्या भागातला नसेल.

चाकाला मात्र अॅल्युमिनियम-लोह कळत नाही. त्याला कळते ती कणांची घनता, आकार आणि एकमेकांतली पकड. चंद्राच्या मातीच्या कणांचं विशिष्ट गुरुत्व ३.१ च्या आसपास धरतात, आपल्या घट्ट बेसाल्टचं २.८ ते ३.० येतं. एवढा फरक चालतो.

(लोणारची माती आणण्याची सूचना कुणी ना कुणी करतंच, कारण ते बेसाल्टमधलं आघात-विवर आहे आणि तिथे आघातात वितळलेली काच सापडते. तो परिसर अभयारण्य आहे आणि रामसर क्षेत्रही (आंतरराष्ट्रीय यादीतली पाणथळ जागा). तिथून मूठभर माती उचलायचाही विचार करू नका.)

माल निवडताना क्रशरवर जाऊन ‘डस्ट’ मागा, आणि ती न धुतलेली हवी असं स्पष्ट सांगा. बांधकामासाठी विकली जाणारी क्रश सँड बहुतेक वेळा धुतलेली असते. धुण्यात ७५ मायक्रॉनखालचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) माल वाहून जातो, आणि आपल्याला नेमका तोच हवा असतो. शिवाय चांगली क्रश सँड करताना कणांचे कोपरे मुद्दाम मोडतात, म्हणजे काँक्रीट नीट मिसळतं. आपल्याला कोपरे हवेत. चंद्रावर वारा-पाणी नाही, त्यामुळे तिथला कण झिजत नाही, धारदारच राहतो. जॉ क्रशरखालची (दगड जबड्यात धरून फोडणारं पहिलं यंत्र), पुढच्या यंत्रातून न गेलेली डस्ट त्याच्या जास्त जवळची. गोदावरीची वाळू घेऊ नका. ती गोलसर असते, चाकाखालून सरकते आणि पकड प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवते.

खाणीचा थरही बघून घ्या. नाशिकच्या आसपासच्या बेसाल्टमध्ये पोकळ्या भरून आलेले झिओलाइट, स्टिलबाइट, अॅपोफिलाइट भरपूर. संग्राहक त्यासाठी पैसे मोजतात, पण आपल्या हौदात ते नकोत, कारण झिओलाइट हवेतलं पाणी धरून ठेवतं. पांढरे ठिपके नसलेल्या, घट्ट काळ्या थराचाच माल घ्या. मुरूम आणि काळी माती तर पूर्णपणे बाद: त्यातली चिकणमाती फुगते, चिकटते आणि कितीही वाळवली तरी पावसाळ्यात पुन्हा ओल घेते.

आता बारीक कण. चंद्राची माती नुसत्या डोळ्यांना वाटते त्यापेक्षा फार बारीक असते. सरासरी कण ७० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे वजनाने जवळपास अर्धा माल ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून मैद्यासारखा खाली पडतो. क्रशरच्या डस्टमध्ये हे प्रमाण बहुधा १० ते २० टक्के असतं. नुसती डस्ट वापरली तर चाक वाळूत चालल्यासारखं चालेल, रुतणं आणि चाकाच्या पंज्यांत (पकडीसाठी काढलेल्या उंच पट्ट्यांत) माल अडकणं दिसणारच नाही.

१०० किलो मिश्रणासाठी हे प्रमाण धरा: १ मिमीच्या वरचा ८ किलो, ३०० मायक्रॉन ते १ मिमी १७ किलो, १५० ते ३०० मध्ये १३ किलो, ७५ ते १५० मध्ये १४ किलो आणि ७५ च्या खालचा ४८ किलो. अगदी ग्रॅममध्ये जुळवत बसू नका, पण शेवटचा आकडा ४० च्या खाली जाऊ देऊ नका. सुरुवातीला डस्ट ४.७५ मिमीच्या चाळणीतून काढा. ७५ मायक्रॉनखालचं खरं प्रमाण कळायला नमुना पाण्याखाली चाळावा लागतो. कोरड्या चाळणीत बारीक कण मोठ्या कणांना चिकटून वर राहतात आणि प्रमाण कमी दिसतं. सिव्हिल विभागाच्या मटेरियल लॅबमध्ये हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

उरलेला बारीक माल आणायचा कुठून? बॉल मिलमध्ये दळणं हा सरळ पण महाग मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे डांबरी रस्त्यासाठी खडी गरम करणाऱ्या हॉटमिक्स प्लांटवरच्या बॅग फिल्टरची धूळ. खडी वाळवताना उडालेली बेसाल्टची धूळच ती, आणि बहुतेक सगळी ७५ मायक्रॉनखालची. दोन अटी पाळा. प्लांटला कोरडा बॅग फिल्टर असला पाहिजे, कारण पाण्याचा स्क्रबर असेल तिथे हातात चिखल येतो. आणि धुळीला इंधनाचा वास किंवा काळी तेलकट छटा असेल तर घेऊ नका. डस्टमध्ये १५ टक्के बारीक माल असेल, तर दर १०० किलो डस्टला सुमारे ६३ किलो धूळ मिसळली की ४८ टक्क्यांवर पोचता. मिसळायला सिमेंट मिक्सर चालतो, मात्र तोंडावर ताडपत्री बांधून, आणि माल कोरडा असतानाच.

धुळीचा प्रश्न किरकोळ नाही. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ कमी, म्हणून ग्रॅनाइटपेक्षा धोका कमी हे खरं. पण पोकळ्यांत गारगोटी आणि अकीक असतात, आणि पाणी मारून धूळ दाबायची सोय इथे नाही. चाळताना, ओतताना, दाताळं फिरवताना एन-९५ मास्क घाला, गॉगल लावा. रुमाल बांधून भागत नाही. हौदाची खोली वर्गापासून लांब असू दे.

ओल ही नाशिकमध्ये सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. कणांमधली एक-दोन टक्के ओलसुद्धा मातीला खोटी चिकटण देते: कड उभी राहते, चाक रुतत नाही, रोव्हर २५ अंशांचा चढ सहज चढतो, आणि फोटो फार छान येतात. चंद्रावरच्या मातीलाही चिकटण असते, ०.१ ते १ किलोपास्कलची, पण ती पाण्याची नसून कण एकमेकांत अडकल्याची. माल तयार करायचा तर मार्च ते मे. पत्र्यावर ५ सेंमीच्या थरात पसरून दिवसभर उन्हात, संध्याकाळी गरम असतानाच बंद पिंपात. रोज एक नमुना १०५ ते ११० अंश सेल्सिअसच्या भट्टीत २४ तास ठेवून वजन करा. ओल अर्ध्या टक्क्याखाली आली की थांबा. जूनपासून हौदावर जाड प्लास्टिक आणि खोलीत डीह्युमिडिफायर, नाहीतर चार महिने चाचण्या बंद. यात मधला मार्ग नाही.

हौद किती मोठा? ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, ३० सेंमी खोल असेल तर रोव्हर वळवता येतो आणि एखादं छोटं विवरही करता येतं. १.८ घनमीटर म्हणजे साधारण २.९ टन माल. इथे एक गंभीर चूक होऊ शकते: हौद गच्चीवर किंवा पहिल्या मजल्यावरच्या लॅबमध्ये. ३० सेंमी थराचा भार दर चौरस मीटरला ४८० किलोच्या आसपास जातो. वापरात असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानक १५० किलोच्या आसपासचा भार धरतं, लॅबच्या मजल्यासाठी ३०० च्या आसपास. हौद तळमजल्यावर, जमिनीवर टेकलेल्या कोब्यावरच ठेवा.

सगळा हौद महागड्या मिश्रणाने भरायची गरज नाही. खालचे १५ सेंमी साधी कोरडी डस्ट टाकून ठोकून १.७५ पर्यंत घनता आणा, वरचे १५ सेंमी मिश्रण. चंद्रावरही वरच्या १५ सेंमीत घनता दर घनसेंमीला १.५ ग्रॅम असते आणि ३० ते ६० सेंमी खोलीत १.७४ पर्यंत वाढते, म्हणजे काटकसर इथे शास्त्राला धरूनच आहे. वरच्या थराला १.३५ टन मिश्रण लागेल, त्यात सुमारे अर्धा टन बॅग फिल्टरची धूळ. वरचा थर ५-५ सेंमीने, वजन करून टाका. एका थरात किती किलो गेलं हे माहीत असेल तरच घनता माहीत असते. दर फेरीनंतर दाताळ्याने पूर्ण १५ सेंमी उकरून, फळीने सपाट करून पुन्हा सुरुवात. आधीच्या फेरीने दाबलेल्या चाकोरीवरून पुन्हा रोव्हर नेला तर दुसरी फेरी नेहमीच चांगली दिसते.

मातीची पकड मोजायला डायरेक्ट शिअर चाचणी करून घ्या: पेटीतल्या मातीवर वरून भार ठेवून ती आडवी सरकवायला किती जोर लागतो ते यात मोजतात. कॉलेजमध्ये सोय नसेल तर दिंडोरी रोडवरच्या मेरीसारख्या (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) संस्थेत माती-चाचणीची जाण असलेली माणसं आहेत. पण नेहमीच्या ५०, १००, २०० किलोपास्कल भाराला ती करू नका. प्रज्ञानचं द्रव्यमान २६ किलो, चंद्रावर त्याचं वजन ४२ न्यूटन, म्हणजे एका चाकावर फक्त ७ न्यूटन. चाकाची टेक ४० चौरस सेंमी धरली तर दाब १.७५ किलोपास्कल. इमारतीच्या पायासाठी योग्य असलेल्या भारांवरून काढलेली चिकटण इथे लावली तर ती काही पटींनी जास्त येऊ शकते. ६ × ६ सेंमीच्या पेटीवर ५ किलोपास्कल म्हणजे जेमतेम १.८ किलो. लीव्हर काढून वजनं थेट झाकणावर ठेवा, आणि झाकणाचं स्वतःचं वजनही धरा. घर्षणकोन ३५ ते ४२ अंशांच्या दरम्यान आला तर माल ठीक आहे.

आता गुरुत्व. इस्रोने रोव्हरच्या चाचण्यांत वजन हलकं करायला हेलियमचा फुगा वापरला होता. २६ किलोतले २१.७ किलो उचलायचे तर नाशिकच्या उंचीवर जवळपास २३ घनमीटर हेलियम, म्हणजे साडेतीन मीटर व्यासाचा फुगा, आणि फुग्याच्या स्वतःच्या वजनासाठी आणखी थोडं. कॉलेजला हे परवडणारं नाही. कप्पी आणि प्रतिभार स्वस्त, पण त्यातली खोच बघा. ३ मीटर दोरीने वरून २१३ न्यूटन ओढ लावली आणि वरची ट्रॉली रोव्हरच्या १० सेंमी मागे राहिली, तर रोव्हरला मागे खेचणारा ७ न्यूटनचा आडवा जोर लागतो. रोव्हरचं उरलेलं वजनच ४२ न्यूटन आहे. म्हणजे सपाट जमिनीवर असतानाही तो जवळपास १० अंशांचा चढ चढत असल्यासारखं वागतो. ट्रॉली मोटरने चालणारी, आणि दोरीचा कोन मोजून दुरुस्त करणारी असेल तरच या वाटेला जा.

त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे रोव्हरचा सांगाडा करणं. चाकं, रॉकर-बोगी (सहाही चाकं जमिनीला टेकवून ठेवणारी दांड्यांची जोडणी), मोटर सगळं खऱ्या मापाचं, पण एकूण द्रव्यमान एक षष्ठांश: २६ किलोच्या जागी ४.३ किलो. बॅटरी आणि कंट्रोलर बाहेर, वरून सैल सोडलेली वायर. नासाच्या जेपीएलने मंगळावरच्या क्युरिऑसिटीसाठी ‘स्केअरक्रो’ नावाचा असाच बिनडोक्याचा रोव्हर वापरला. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत लेझर कटिंग आणि पातळ अॅल्युमिनियमचं बेंडिंग करून देणारे भरपूर आहेत, त्यामुळे सांगाडा करणं अवघड नाही.

तरीही एक गोष्ट सांगाडा करत नाही, आणि ती लपवू नये: रोव्हर हलका झाला, माती झाली नाही. हौदातला प्रत्येक कण पृथ्वीच्या ओढीने खालच्या कणावर दाबलेला असतो, त्यामुळे ती माती चंद्रावरच्यापेक्षा बळकट असते. पॅराबोलिक उड्डाणांतल्या (विमान कमानीसारखं उडवून काही सेकंद गुरुत्व कमी करतात) चाचण्यांत दिसलं आहे, की द्रव्यमान तेच ठेवून गुरुत्व कमी केलं तर कोरड्या मालात चाक जवळपास तेवढंच रुततं. म्हणून प्रत्येक चाचणी दोनदा करा, एकदा ४.३ किलोच्या सांगाड्यावर आणि एकदा पूर्ण वजन लादून, आणि ज्यात निकाल वाईट येईल तो धरून चाकाचा आराखडा करा. हलक्या सांगाड्याचा एकटा आकडा नेहमी आशावादी असतो.

मोजायचं काय, तर घसरण, म्हणजे चाक जेवढं फिरलं त्यापेक्षा रोव्हर किती कमी पुढे गेला ते. चाकाचा व्यास १६ सेंमी असेल तर एका फेऱ्यात ५०.३ सेंमी जायला हवं. चाकाच्या पाच फेऱ्यांत २५१ ऐवजी २०० सेंमी गेलात, तर घसरण २० टक्के. हौद सपाट, मग ५, १०, १५, २० अंश, आणि प्रत्येक कोनाला निदान तीन फेऱ्या. चढ करताना माती एका बाजूला ढकलून ढीग करू नका, घनता बदलते. हौदाची पेटीच एका बाजूने जॅकने उचला. मोटरचा करंट सोबत नोंदवा. घसरण ३० टक्क्यांच्या पुढे गेली की चाक माती मागे फेकून स्वतःसाठी खड्डा खणू लागतं, आणि करंट त्याआधीच चढायला लागलेला दिसतो. वेग सेकंदाला १ सेंमी ठेवा, प्रज्ञानचा तेवढाच होता. खेळण्यातल्या गाडीच्या गिअर मोटरने ३०-४० सेंमी वेगाने पळवलं तर चाक माती उडवत जातं आणि रुतायच्या आत पुढे सरकतं.

सगळं ठीकठाक चालू असतानाच्या चाचण्या कमी करा, बिघाडाच्या जास्त. चांद्रयान-२ चा विक्रम सप्टेंबर २०१९ मध्ये आदळला. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त पडला, चुका साचत गेल्या आणि त्या सुधारायला यानाकडे पुरेशी मुभा नव्हती. उतरायची जागाही ५०० मीटर × ५०० मीटर एवढीच आखलेली. चांद्रयान-३ साठी ती ४ किमी × २.४ किमी केली, पाय सेकंदाला २ ऐवजी ३ मीटरचा उतरण्याचा वेग सोसतील असे केले, वेग मोजायला लेझर डॉप्लर बसवला, इंधन वाढवलं. हौदात हेच वेगळ्या रूपात: एक मोटर बंद, एक चाक अडकलेलं, मागचं चाक खड्ड्यात आणि पुढचं दगडावर, रोव्हर तिरका चढावर. ताज्या छोट्या विवराची खोली व्यासाच्या पाचव्या भागाएवढी धरतात, म्हणजे ६० सेंमीच्या विवराला १२ सेंमी. हौदाच्या १५ सेंमी थरात ते बसतं.

कॅमेऱ्याने वाट शोधायची असेल तर दिवे महत्त्वाचे. विक्रमच्या जागी सूर्य क्षितिजापासून फार तर २२ अंश वर येतो, आणि हवा नसल्याने सावलीत पसरलेला उजेड नाही. खोलीच्या भिंती काळ्या करा, ट्यूबलाइट बंद, आणि लांबून ५ ते २० अंश उंचीवर एकच हॅलोजन. दोन दिवे लावले की काम सोपं होतं आणि चाचणी निरुपयोगी. प्रज्ञान एका टप्प्यात जास्तीत जास्त ५ मीटरची वाट आखायचा. २७ ऑगस्टला ३ मीटरवर ४ मीटर व्यासाचं विवर दिसलं तेव्हा त्याला मागे वळवून दुसरी वाट दिली गेली. तुमच्या प्रोग्रॅमलाही सावली आणि खड्डा यांत फरक करता येतो का, ते याच उजेडात कळेल.

तापमानाची चाचणी या हौदात करू नका. विक्रमवरच्या चास्ते या मातीत खुपसून तापमान मोजणाऱ्या शलाकेने पृष्ठभाग तापलेला असताना फक्त ८ सेंमी खाली उणे १० अंशांच्या आसपास मोजलं, कारण निर्वातात कणांमध्ये हवा नसते आणि उष्णता खाली फारच कमी झिरपते. नाशिकच्या हौदातल्या कणांमध्ये हवा आहे, ती उष्णता वाहून नेते. व्हॅक्यूम चेंबर नसेल तर त्या विषयावर आकडे देऊच नका.

वापर सुरू झाल्यावर माल बदलत जातो हेही धरून चाला. दाताळं फिरवताना सगळ्यात बारीक कण उडतात, काही खालच्या डस्टच्या थरात झिरपतात, आणि वरचा थर हळूहळू भरड होतो. घसरण काही आठवड्यांत कारण नसताना कमी दिसू लागली तर रोव्हरला शाबासकी देण्याआधी वरच्या ५ सेंमीतून चार ठिकाणचे नमुने घ्या आणि पाण्याखाली चाळा. ७५ मायक्रॉनखालचं प्रमाण ४० टक्क्यांच्या खाली गेलेलं असेल तर आधी राखून ठेवलेली धूळ मिसळून ते पुन्हा वर आणा, आणि मधल्या काळातल्या फेऱ्यांच्या नोंदींपुढे तशी खूण करून ठेवा.